मटार आणि भात : बर्फाळ मुलखातल्या हंगामी नोकरीचं एक प्रकरण

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातल्या एका गावचा तरुण हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात वन्यजीव संवर्धनाच्या पथकात हंगामी कामाला लागला. पहिला हिवाळा त्यानं चांगला काढला. उन्हाळी हंगामात, ऐन जुलैत, घरी भाताची लावणी अडली आणि तिकडे जनावरांच्या गोठ्यांचं काम अर्ध्यावर होतं. तो काम सोडून घरी आला. पथकाच्या कागदावर त्याच्या नावापुढे ‘हंगाम अपूर्ण’ असा शेरा पडला. पुढं त्याच पथकानं त्याला परत बोलावलं, आणि या खेपेला कराराच्या तारखा त्याच्या घरच्या शेताकडं बघून ठरल्या.

या भागातल्या मुलांना जंगलाशी संबंधित कामं मिळावीत म्हणून मी अर्ज, कागदपत्रं, मुलाखतीची तयारी यांत मदत करत असतो. त्यामुळं या प्रकरणाच्या दोन्ही बाजू मला जवळून बघायला मिळाल्या. मुलाच्या आणि पथकाच्या विनंतीवरून नावं दिलेली नाहीत. बाकी जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडून आता आणखी मुलं तिकडं जायला विचारतात, आणि त्यांच्या घरची परिस्थिती याच्या घरापेक्षा फारशी वेगळी नाही.

घर आणि रान

घरात अप्पा, आई आणि आज्जी. थोरला भाऊ बायकापोरांसह फोंड्याला, कारखान्यात कामाला. आमच्या पश्चिम खानापुरात घरटी एक माणूस गोव्यात असतोच, त्यात नवल काही नाही. ओढ्याकाठी भाताची थोडी जमीन, वरच्या टेकडीला काजू, गोठ्यात दोन म्हशी. मुलाचं शिक्षण सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, पुढं हायस्कूल, मग खानापुरात पदवी. कन्नड तो एसटी स्टँडवर आणि कचेऱ्यांत शिकला, हिंदी टीव्हीवर.

जंगलाच्या कामाची ओळख त्याला दोन वाटांनी झाली. तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. तिथं राहणारं एक दुर्मीळ वटवाघूळ १९१३ साली शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ते जगात फक्त याच गुहेत असल्याचं मानलं जात होतं. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं त्यामागं या वटवाघळाचाही वाटा आहे. अभ्यासाला येणाऱ्यांचं सामान वाहून नेताना हा मुलगा शाळकरी वयात त्या गुहेच्या तोंडापर्यंत जाऊन आला होता. पुढं पदवीच्या सुट्ट्यांत तो आगीच्या हंगामात रोजंदारीवर राखणदार झाला. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आमच्याकडं पानगळीचा पाला वाळून कडकडीत होतो. जाळरेषेचे, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून राखलेले मोकळे पट्टे झाडून साफ ठेवायचे, धूर दिसला की पळायचं, हिरव्या फांद्यांनी आग बडवायची, असं ते काम. पाणवठ्यावरच्या चिखलात गव्याचा खूर, अस्वलाचा पंजा, बिबट्याचा माग ओळखायला तो तिथं शिकला. जुन्या राखणदारांच्या मागं मागं फिरून शिकलेली ही विद्या कुठल्याच प्रमाणपत्रात येत नाही. पण स्पितीत त्याला काम मिळालं ते तिच्याच जोरावर. मुलाखतीत त्याला मागाचे फोटो दाखवले होते आणि जनावर कुठल्या दिशेनं, कुठल्या चालीनं गेलं ते विचारलं होतं.

वर जाण्याआधीचं शिक्षण

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. डिसेंबरात आमच्याकडं पारा बारा-चौदा अंशांवर आला की शेकोट्या पेटतात. स्पितीतलं किब्बर गाव समुद्रसपाटीपासून साधारण ४,२०० मीटरवर आहे आणि जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत उतरतो. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानानं साठ टक्क्यांच्या आसपासच मिळतो.

याची खरी तयारी करून घेतली ती गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात असल्यामुळं आमच्या गावागावांत लेह, सियाचीन, तवांग बघून आलेली माणसं आहेत, आणि बर्फाबद्दलचं ज्ञान आमच्याकडं त्यांच्याच घरांत आहे. सुभेदारांनी त्याला सैन्याची पद्धत सांगितली. नऊ हजार ते बारा हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग थोडं चालणं, मग चढ. डोकं दुखलं, मळमळलं, झोप उडाली तर सांगायचं, लपवायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. पायांबद्दल ते फार बोलले. रोज रात्री मोजे काढून बोटं एकेक करून बघायची, कोरडे मोजे झोपण्याच्या पिशवीत अंगाशी ठेवायचे.

“थंडीला भिऊ नको गा, घामाला भी,” असं त्यांनी बजावलं. चढावर घाम आला की आतला कपडा ओला होतो, थांबल्यावर तोच कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. सुती बनियन घालायची नाही, लोकरीची घालायची, चढ सुरू व्हायच्या आधीच वरचा कोट काढून पाठीला लावायचा. मुलानं हे सगळं वहीत लिहून घेतलं. पथकाच्या प्रशिक्षणात हेच पुन्हा सांगितलं गेलं तेव्हा त्याला ते नवं नव्हतं.

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून शिमला, मग सतलजच्या काठानं किन्नौर, रेकाँग पिओ, ताबो, काझा. मनालीकडून येणारा कुंझुम खिंडीचा रस्ता साडेचार हजार मीटरच्या वरून जातो आणि हिवाळाभर बर्फानं बंद असतो. किन्नौरची वाट लांबची, पण तिनं शरीर टप्प्याटप्प्यानं वर चढतं, हा तिचा मोठाच फायदा.

हिवाळी काम

हिमबिबट्याचं काम ऐन थंडीत का करायचं, हा प्रश्न इकडं मला नेहमी विचारतात. जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ असतो. नर-मादी दोघंही कड्यांच्या पायथ्याशी, पुढं झुकलेल्या खडकांखाली खुणा सोडत फिरतात. मागच्या पायांनी माती उकरून ठेवलेली खरवड, खडकावर मारलेली मुताची फवार, घासलेले गाल. भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (डोंगरी रानबोकड) या वेळी वरचे उतार सोडून खाली गावांच्या बाजूला येतात, त्यांच्यामागं हिमबिबट्याही येतो. शिवाय बर्फावर माग दिसतो. उन्हाळ्यात त्याच दगडगोट्यांवरून शंभर जनावरं गेली तरी कळत नाही.

कॅमेरा कसा लावतात ते मुलानं मला खडूनं जमिनीवर काढून दाखवलं, म्हणून जरा तपशिलात सांगतो. धारेवर, खिंडीत किंवा खुणेच्या खडकासमोर जागा धरायची. कॅमेरा जमिनीपासून गुडघ्याच्या जरा खाली, दगडांच्या रचनेत घट्ट बसवायचा. तोंड उगवतीला किंवा मावळतीला नको, कारण ऊन थेट भिंगावर आलं की जनावर नसतानाही फोटो पडत राहतात आणि बॅटरी संपते. समोर गवताची काडी हलत असेल तर ती कापायची. मग आपणच हाता-पायांवर रांगत कॅमेऱ्यासमोरून जायचं, दिवा लागतो का ते बघायचं. हे सगळं हातमोजे घालून जमत नाही. पातळ मोज्यांवर जाड मोजे, जाड काढून दोन मिनिटं काम, पुन्हा घालून काखेत हात, असं चालतं. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या त्या थंडीत लवकर मान टाकतात, म्हणून लिथियमच्या वापरतात, आणि त्याही वाटेनं खिशात, अंगाच्या उबेत न्यायच्या. हिमबिबट्याच्या अंगावरचे ठिपके-वलयं प्रत्येकाची वेगळी असतात. डावी-उजवी दोन्ही अंगं फोटोत आली तर ते वेगळं जनावर म्हणून नोंदलं जातं. देशातली हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध गणना २०१९ ते २०२३ या काळात झाली. तिच्यात १,९७१ ठिकाणी कॅमेरे लागले, २४१ वेगवेगळे हिमबिबटे फोटोंतून ओळखता आले आणि एकूण अंदाज ७१८ आला. त्यात लडाखमध्ये ४७७, उत्तराखंडात १२४, हिमाचलात ५१. मुलाच्या मनात हे आकडे खोल बसले. प्रत्येक कॅमेऱ्यामागं कुणीतरी काखेत हात घालून बसलेलं असणार, हे त्याला आता स्वतःच्या बोटांवरून कळलं होतं.

राहायला गावातल्याच एका घरात. जाड मातीच्या भिंती, सपाट छत, मधल्या खोलीत पत्र्याची शेगडी. सकाळी पहिलं काम छतावरचं बर्फ फावड्यानं खाली ढकलणं, नाहीतर छत गळतं. नळ गोठलेले, पाणी झऱ्यावरून आणायचं. म्हणून ते जपून वापरायचं, आणि तहान लागत नसली तरी प्यायचं मात्र भरपूर, कारण कोरड्या हवेत श्वासावाटेच अंगातलं पाणी जातं. जवाचं पीठ, बटाटा, डाळ, भात, खारट लोणी-चहा. पथकातले बहुतेक जण त्याच खोऱ्यातले, आणि ते तसंच असावं असं माझं ठाम मत आहे. बाहेरचा माणूस जोडीला घ्यायचा तो दोन कारणांनी. बर्फात एकट्यानं फिरायचं नाही हा नियम आहे, त्यामुळं हात जास्त लागतात. आणि दुसऱ्या रानात तयार झालेली नजर कधी कधी वेगळं काही टिपते. या मुलानं पहिल्याच महिन्यात एका जुन्या वाटेवर गावठी कुत्र्यांच्या टोळीचा माग आणि हिमबिबट्याचा माग वेगळे काढून दाखवले. मोकाट कुत्री हा स्पितीतला मोठा प्रश्न आहे. शेळ्यामेंढ्या मारतात ती कुत्रीच जास्त, पण नाव पुष्कळदा हिमबिबट्यावर जातं.

मार्चअखेर तो घरी आला तेव्हा गाल काळे पडले होते, ओठ फुटले होते, आणि आईला आधी पायांची बोटं दाखवावी लागली. दहाही शाबूत.

जुलै

उन्हाळी हंगामाचा करार जून ते सप्टेंबर असा होता. त्यानं सही केली तेव्हा शेताचा विचार त्याच्या मनात नव्हता असं नाही. अप्पा आहेत, भाऊ चार दिवस येईल, पैऱ्यावर, म्हणजे कामाच्या बदल्यात काम करून, माणसं मिळतील, असं त्यानं धरलं होतं. पथकाला मात्र त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

उन्हाळ्यातलं मुख्य काम गोठे पक्के करण्याचं. स्पितीत रात्री शेळ्यामेंढ्या ज्या खोपट्यात कोंडतात त्याच्या छताला धुराडं किंवा झरोका असतो, दार मोडकं असतं. हिमबिबट्या आत शिरला की जनावरांना पळायला वाव नसतो आणि एका रात्रीत सगळा कळप मारला जातो. अशा सकाळी त्या घराचा राग काय असतो ते सांगायला नको. हिमबिबट्या वाचवायचा असेल तर पहिली गोष्ट म्हणजे झरोक्यावर लोखंडी जाळी आणि दाराला मजबूत चौकट. भिंती दुरुस्त करायच्या तर मातीचा गिलावा थंडी पडायच्या आत वाळला पाहिजे, म्हणून हे काम जून-जुलैत दाटीवाटीनं ठेवलेलं होतं.

इकडं जुलैच्या पहिल्या आठवड्यात अप्पा बांधावरून घसरले. गुडघा सुजला, डॉक्टरांनी चिखलात उतरायचं नाही असं सांगितलं. भावाला रजा दोनच दिवस. आईचा फोन आला, तो मुलानं मला जसा सांगितला तसा देतो : “रोप पिवळं पडालंय बघ. लावणीला माणूस गावेना. अप्पांना मी चिखलात जाऊ देणार न्हाई. तू काय ते बघ बाबा.”

भाताचं रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं झालं की लावायला लागतं. त्याच्यापुढं आठवडाभर सरकलं तर फुटवे कमी येतात, उतारा घटतो. पैसे देऊन माणसं आणावीत तर त्याच पंधरवड्यात सगळ्या शिवारात लावणी असते आणि तरणी माणसं गोव्यात. शेत वाट्यानं द्यावं ही गोष्ट अप्पांनी ऐकूनच घेतली नाही, आणि त्यात मला हट्टापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. रानाला लागून असलेलं शेत एक वर्ष पडीक पडलं की त्यात झुडपं माजतात, डुकरं बसतात, आणि मग शेजाऱ्याचंही पीक राहत नाही.

मुलानं पथकप्रमुखाला आठ दिवसांची रजा मागितली. येण्याजाण्यातच त्याहून जास्त दिवस जाणार होते. पावसाळ्यात तर रस्त्याचा भरवसा आणखी कमी, २०२३ च्या जुलैत स्पितीतल्या चंद्रताल सरोवरापाशी शेकडो पर्यटक अडकून पडले होते ते सगळ्यांच्या लक्षात होतं. शिवाय खाली येऊन आठवडेच्या आठवडे साडेसहाशे मीटरवर राहिलं की शरीराची उंचीची सवय मोडते, परत वर गेल्यावर पहिल्यापासून सुरुवात. पथकप्रमुखानं सांगितलं की आठ दिवसांची रजा ही प्रत्यक्षात तीन-चार आठवड्यांची रजा आहे, आणि तेवढ्यात काम संपून जाईल. ते खरंच होतं. मुलानं रात्रभर विचार केला आणि काम सोडलं. तो घरी पोचला तेव्हा खाचरातलं पाणी पोटरीपर्यंत होतं. आईबरोबर आणि गावातल्या दोन बायांबरोबर त्यानं सगळी लावणी उरकली. पीक आलं, पण नेहमीपेक्षा कमी.

कामाचा तक्ता

ऑगस्टमध्ये तो माझ्याकडं आला तेव्हा त्याची समजूत अशी होती की हे दार आता बंद झालं. त्याच्याजवळ पथकाचा वर्षाचा कामाचा तक्ता होता. तो आम्ही दोघांनी टेबलावर पसरला, आणि तिथं या प्रकरणाची खरी गाठ सापडली.

तक्त्यात जून-जुलै गच्च भरलेले. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मात्र जवळजवळ काहीच नाही. कॅमेऱ्यांतले फोटो निवडणं, सामानाची दुरुस्ती, एवढंच. मी विचारलं, हे असं का? हवा तर याच दिवसांत सगळ्यात चांगली असणार. मुलगा म्हणाला, “मटार असतंय की तेव्हा.”

स्पितीत हिरवा मटार हे नगदी पीक आहे. खालच्या मैदानात मटार संपलेला असतो तेव्हा तिकडचा तयार होतो, म्हणून भाव चांगला मिळतो. वर्षाचा रोख पैसा बहुतेक घरांत या तोडणीतूनच येतो. तोडणी सुरू झाली की पथकातले स्थानिक गडी घरच्या शेतात जातात, आणि कुणी त्यांच्या नावापुढे शेरा मारत नाही. पथकाचं कॅलेंडर मुळातच एका पिकाभोवती बसवलेलं होतं. कुणी ते ठराव करून बसवलं नव्हतं. पथक त्या गावांतलंच, म्हणून सगळ्यांना ते ठाऊक होतं. भाताची लावणी मात्र तिथं कुणाला ठाऊक नव्हती, कारण इतक्या लांबून आलेल्या मुलानं तिचं नाव काढलं नव्हतं. त्याच्या मनात अशी भीती होती की शेताचं सांगितलं तर हा पोरगा टिकणार नाही असं समजून कामावर घेणारच नाहीत.

जिथं कामाच्या अर्ध्या माणसांचं पोट शेतावर आहे, तिथं शेताचं बोलणं म्हणजे कमीपणा नाही. हे मी त्याला सांगितलं आणि त्यानं ते मनावर घेतलं. आम्ही त्याच रात्री त्याच्या घरचं वर्ष कागदावर मांडलं. मे-जूनमध्ये पेरणी आणि रोप. जुलैत चिखलणी, लावणी. ऑगस्टमध्ये एक भांगलण (तण काढणं), ती आई करू शकते. गणपतीनंतर दसऱ्यापर्यंत शेतात माणसाची फारशी गरज नाही. त्यानंतर पीक पोटरीतून बाहेर पडून पिकायला लागलं की राखण : रात्री माळ्यावर बसून गवे आणि डुकरं हाकलायची, कधी हत्तीही येतो. हे काम म्हाताऱ्या माणसाचं नाही. मग नोव्हेंबरात सुगी, मळणी. डिसेंबर मोकळा. जानेवारी ते मार्च शेत रिकामं, काजूला मोहोर, आणि काजू गोळा करायचं ते मार्चच्या शेवटापासून.

दोन कागद शेजारी ठेवल्यावर हिवाळ्याबद्दल वादच राहिला नाही. जानेवारी ते मार्च वर त्याची गरज सगळ्यात जास्त आणि घरी सगळ्यात कमी. अडचण फक्त गोठ्यांची.

पथकाशी बोलणं

बोलणं फोनवर झालं आणि ते सोपं नव्हतं. पथकप्रमुखाचे दोन आक्षेप होते. एक, गिलावा सप्टेंबरात करता येणार नाही, रात्री गोठायला सुरुवात होते. दुसरा, वर्षातून दोनदा वर आणायचं म्हणजे दोनदा प्रवासखर्च आणि दोनदा शरीर सवयीला लावण्यात गेलेले दिवस, ज्यांचा पगार द्यायचा पण काम मिळत नाही. मला दोन्ही आक्षेप रास्त वाटले. संवर्धनाचे पैसे मोजके असतात आणि ते कुणाच्या सोयीसाठी उडवायचे नसतात.

पहिल्याचं उत्तर मुलानंच काढलं. गोठ्याच्या कामात ओलं काम आणि सुकं काम वेगळं करता येतं. माती, दगड, गिलावा हे ओलं काम जून-जुलैत स्थानिक गडी करतील, त्यात तसेही ते त्याच्यापेक्षा तरबेज आहेत. झरोक्याची जाळी, लाकडी चौकट, बिजागऱ्या, कडी हे सुकं काम सप्टेंबरात, मटार उरकल्यावर. तारेचं कुंपण ओढायचा सराव त्याला घरच्या काजूच्या बागेतला होता. उलट यात एक फायदाही निघाला : जुलैत ओल्या भिंतीत बसवलेल्या चौकटी भिंत वाळताना सैल पडायच्या, त्या आता वाळलेल्या भिंतीत बसणार होत्या.

दुसऱ्यावर मध्यम मार्ग निघाला. काझाला थांबायच्या दिवसांत तो कॅमेरे साफ करणं, बॅटऱ्या तपासणं, फोटो निवडणं ही बसून करायची कामं करेल. फोटो निवडण्याचं काम तिकडं किब्बरच्या बायकांचा गट फार बारकाईनं करतो, त्यांच्याकडून तो शिकेलही. एका बाजूचा प्रवासखर्च त्यानं स्वतः उचलायचं कबूल केलं. यावर माझं आणि त्याचं मत जुळलं नाही. मला वाटत होतं की तो खर्च पथकानंच द्यावा, कारण सप्टेंबरात कुशल माणूस मिळणं ही त्यांचीही गरज होती. पण त्याला नोकरी हवी होती, आणि निर्णय त्याचा होता.

नवा करार असा ठरला : जानेवारी ते मार्च हिवाळी काम, गणपती झाल्यावर दसऱ्यापर्यंत गोठ्यांचं काम. लावणी, राखण आणि सुगी घरी. जुना शेरा तसाच राहिला, पण त्याखाली कारण लिहिलं गेलं.

त्यानंतर

दुसरा हिवाळा पहिल्यापेक्षा कठीण गेला. बर्फ उशिरा पडलं, मग एकदम पडलं, आणि काही दिवस पथकाला घराबाहेर निघता आलं नाही. सप्टेंबरात मात्र सगळं ठरल्याप्रमाणं झालं. या वेळी तो कुंझुमच्या रस्त्यानं गेला, तो उघडा होता. मनालीहून थेट वर चढल्यामुळं त्याला पहिल्या रात्री डोकेदुखी झाली. त्यानं ती लगेच सांगितली, आणि काझाला ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त थांबला. पुढच्या खेपेला किन्नौरचीच वाट धरायची, किंवा मनालीच्या वाटेवर एक मुक्काम वाढवायचा, असं आता पक्कं आहे.

घरी अप्पांचा गुडघा पूर्ण बरा झालेला नाही. राखणीला मुलगा असतो, लावणीला मुलगा आणि भाऊ दोघंही. भाऊ आता त्या आठवड्याची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच टाकून ठेवतो, आणि या प्रकरणातून त्या घरानं घेतलेली ही सगळ्यात उपयोगी सवय आहे असं मला वाटतं. हिवाळ्याच्या पगारातून घराची कौलं फिरवून झाली आणि म्हशींसाठी कडबा साठवायला पत्र्याचं शेड उभं राहिलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो गावी नसल्यामुळं जाळरेषेच्या कामाला मात्र एक अनुभवी माणूस कमी पडतो, आणि हा तोटा मोजलाच पाहिजे. एप्रिलला आल्यावर तो उरलेल्या हंगामात राखणदारांबरोबर जातो. गावातली दोन नवी मुलं त्याच्याकडून माग वाचायला शिकतायत.

माझ्या कामात एक बदल झाला. मुलांचा अर्ज भरताना आता पहिल्या पानावर घरचं वर्ष मांडून घेतो : कुठलं पीक, लावणी कधी, राखण कोण करतं, घरात कुणाची तब्येत कशी. तो कागद अर्जाबरोबर जातो. एका ठिकाणी त्यावरून मुलाला घेतलं नाही, तेही मी इथं नोंदवतो. बाकी ठिकाणी तारखांवर बोलणं सुरू झालं.

एक काम अजून राहिलं आहे. हंगामी करारात दोन हंगामांमधल्या काळाचा अपघात विमा येत नाही. लावणीत किंवा राखणीत काही झालं तर पथकाचा विमा लागू नाही, आणि वर जाता-येता प्रवासात काय, यावर करारात एकही ओळ नाही. पुढच्या जानेवारीआधी ती ओळ घालून घ्यायची आहे. मसुदा पाठवलेला आहे.